दहापैकी दोन

माणूस आपल्या दुखण्याबद्दल खरं सांगत नाही. चौदा वर्षं लोकांच्या कमरा, माना आणि गुडघे हाताळल्यावर हे मी छातीठोकपणे सांगू शकते. तो खोटारडा असतो असं नाही. तो समोरच्याचं मन राखत असतो.

मी प्रणोती चौगुले. इचलकरंजीत माझं फिजिओथेरपीचं केंद्र आहे, पण तो शब्द म्हणायला जीभ वळत नाही म्हणून गावात मी 'व्यायामवाल्या मॅडम'. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं यंत्रमागावरची. बारा-बारा तास उभं राहून टाचा गेलेली, सुताच्या कांड्या भरून मान आखडलेली, माग दुरुस्त करायला वाकून वाकून कंबर धरलेली. पहिल्या दिवशी मी विचारायची, "दहापैकी किती दुखतंय?" उत्तर यायचं, "तुम्हीच बघा की मॅडम." सोबत नवरा असेल तर बाई नवऱ्याकडे बघायची आणि तोच ठोकून द्यायचा, "असंल चार-पाच." तिसऱ्या खेपेला मात्र सगळ्यांचं एकच पालुपद, "बरं हाय आता." मॅडमनी एवढा घाम गाळलाय, तर नाही कसं म्हणायचं? आणि मग तेच बरं झालेलं माणूस बाहेर व्हरांड्यात भिंत धरून चपला शोधायचं.

त्यामुळे माझ्या उपचाराचा खरंच गुण येतो का, हा प्रश्न मला कायम टोचत राहिला. धरलेली कंबर निम्म्या लोकांची महिना-दीड महिन्यात आपसूक सुटते. मी शेक दिला म्हणून सुटली, की सुटायचीच होती? माझ्या व्यवसायातले बरेच लोक या प्रश्नाच्या वाटेला जात नाहीत. मी जायची आणि हात हलवत परत यायची. म्हणून २०३४ साली वेदनापट्टी आली, तेव्हा मी तिला अक्षरशः डोक्यावर घेतलं, हे आधीच कबूल करते.

पट्टी घेऊन आली होती कंपनीची इंजिनिअर, निशिगंधा केळुसकर. वय सत्तावीस, बोलणं मात्र हेडमास्तरांसारखं.

"दुखणं कमरेत नसतं, मॅडम," ती म्हणाली. "कमरेतून नुसता निरोप निघतो. तो वाचून दुखतंय की नाही हे मेंदू ठरवतो. आम्ही थेट मेंदूलाच विचारतो."

विचारतो म्हणजे काय, तेही तिने नीट समजावलं. कपाळाभोवती बांधायच्या त्या पट्टीत बारीक दिवे होते. त्यांचा प्रकाश कवटीतून आत शिरायचा, परत यायचा, आणि मेंदूच्या कुठल्या भागात किती रक्त धावतंय ते सांगायचा. शेजारच्या टिकलीएवढ्या चकत्या मेंदूतली क्षीण वीज टिपायच्या. काही हजार माणसांना दुखत असताना ही दोन्ही मोजमापं घेतली होती, आणि त्यातून संगणकाने दुखण्याची खूण शोधून काढली होती. खूण सगळ्यांची सारखीच, फक्त तिचा जोर माणसागणिक वेगळा. रेडिओ घरोघरी तोच, पण कुणी मोठ्याने लावतं, कुणी हळू, तसं.

"मग याचे पाच आणि त्याचे पाच सारखे, हे कशावरून?" मी विचारलं.

"म्हणून तर पहिल्या दिवशी माप घ्यायचं. शिंपी घेतो तसं." तिने पेटीतून रुपयाएवढी धातूची तबकडी काढली. "ही हाताला लावायची. ती हळूहळू तापते. सहन होईनासं झालं की माणसाने बटण दाबायचं. त्या क्षणी त्याच्या मेंदूत जे दिसेल ते त्याचे दहा. पुढे आयुष्यभर त्याचं दुखणं त्या दहाशी ताडून बघायचं. कातडी भाजू नये म्हणून एकोणपन्नास अंशांना तबकडी आपोआप बंद होते. पण तिथपर्यंत कोणी जात नाही. पुण्यात चाचण्या झाल्या तेव्हा बहुतेकांनी सेहेचाळीसच्या आतच बटण दाबलं."

उपचार चालू असताना रुग्णाला समोरच्या पडद्यावर आपला आकडा दिसायचा. तो उतरताना बघूनच निम्मं दुखणं पळायचं. मी हसले, तर निशिगंधा गंभीरपणे म्हणाली की हे थोतांड नाही. बरं वाटेल या अपेक्षेनेही मेंदूतली खूण खरोखरच मंदावते, आणि तेही मोजता येतं. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

उद्घाटनाला आरोग्य योजनेचे अधिकारी आले, मागमालक आले, दारात मांडव पडला. पहिलं माप कुणाचं घ्यायचं यावर कुजबुज चालू होती, तेवढ्यात अक्का उठल्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. वय अडुसष्ट. सासरे गेल्यावर तीस वर्षं कांड्या भरून त्यांनी एकुलत्या एका मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भरतेशला, वाढवलं आणि सुताचं दुकान घालून दिलं. मला त्यांनी सून म्हणून कधी वागवलं नाही आणि लेक म्हणून कधी लाडावलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आमची मॅडम हाय ती." त्यातच सगळं आलं.

पदर सावरून अक्का खुर्चीत बसल्या. कपाळाला पट्टी, हाताला तबकडी, मुठीत बटण. पडद्यावर अंश चढू लागले. बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस.

"आजी, सहन होत नसेल तर दाबा हं," निशिगंधा म्हणाली.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. एकोणपन्नासला तबकडी पिंपिं करून स्वतःच बंद पडली. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. "वाघीण हाय वाघीण," कोणीतरी म्हणालं. अक्कांनी हातावरची भाजल्याची लाल चकती पदराखाली घेतली. मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्या क्षणाचा फोटो केंद्राच्या भिंतीवर लावला.

पुढे गावात त्याचा पायंडाच पडला. चौगुल्यांच्या म्हाताऱ्या अक्कांनी बटण दाबलं नाही, मग आपण कसं दाबायचं? गडी माणसं सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसपर्यंत दात आवळून बसायची आणि चहाच्या गाड्यावर हातावरची चकती दाखवायची. बायका म्हणायच्या, "भाकरी थापताना ह्याच्यापरीस जास्त भाजतंय की." लवकर दाबणाऱ्याला कामचुकार म्हणायचे. मी सगळं ऐकत होते आणि मला त्याची गंमत वाटत होती.

सहा महिन्यांत माझ्या केंद्राचा निकाल राज्यात पहिला आला. आमच्याकडे येणाऱ्या माणसांचे आकडे मुळातच कमी असायचे आणि ते भराभर उतरायचे. शंभरातले एक्क्याण्णव रुग्ण दोनच्या खाली जाऊन घरी गेले. चौदा वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं, तेही छापील. मी गुण देते. पुण्याच्या परिषदेत मी ते व्यासपीठावरून सांगितलं.

कामही सुटसुटीत झालं. योजनेचा नियम सोपा होता. आकडा तीनच्या खाली असेल तर बारा खेपा व्यायाम आणि शेक, पुढची कुठलीही तपासणी नाही. शेकाचा पट्टा आपोआप तापायचा, व्यायाम पडदाच दाखवायचा. पूर्वी मी रुग्णाला पालथं निजवून मानेपासून माकडहाडापर्यंत एकेक मणका अंगठ्याने चाचपून बघायची. आता त्याची गरज उरली नाही, आणि रुग्ण तिपटीने वाढल्यावर वेळही उरला नाही. "कधीपासून दुखतंय, बसल्यावर की झोपल्यावर," हे विचारणंही सुटलं. उत्तर तसंही खरं मिळत नव्हतंच.

पट्टी हळूहळू केंद्राबाहेर पडली. कारखान्यात कोणी कंबरेसाठी रजा मागितली की मालक आधी पट्टी बांधायचा. एका बाईने मला सांगितलं की तिची जाऊ रोज अंथरूण धरायची, पट्टीवर दीड निघाला आणि सासूने तिला चुलीशी बसवलं. ती हे सांगताना हसत होती. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. जे आजवर झाकलेलं होतं ते मोजता येऊ लागलं, एवढंच मला दिसत होतं.

फाल्गुनात एके दिवशी दुपारी अक्का केंद्रात आल्या. रांगेत बसल्या आणि नंबर आल्यावरच आत आल्या.

"पाठीत दुखतंय गं," त्या म्हणाल्या. "लई दुखतंय. आतनं. आडवं पडलं की जास्त करतंय."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'दुखतंय' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हे मला त्याच क्षणी जाणवलं होतं, असं मी आता स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी पट्टी उचलली, त्यांच्या कपाळाला बांधली आणि पडद्याकडे बघितलं.

"अक्का, दोन," मी म्हणाले.

"दोन म्हंजी?"

"म्हणजे नाकावर माशी बसल्याएवढं. वय झालं की पाठ बोलते हो. बारा दिवस व्यायाम करा."

 पडद्यावरची बाई दाखवेल तसं अक्का बारा दिवस पुढे वाकल्या, मागे वाकल्या, पालथं पडून छाती उचलली. आकडा दोनवरून दीडवर आला. घरी मात्र त्या गप्प होत गेल्या. ताटात अर्धी भाकरी उरायची. चोळी ढिली झाली. एप्रिलच्या उकाड्यात संध्याकाळी त्या अंगाभोवती शाल घेऊन दारात बसायच्या, आणि मी शेजारून जाताना पंखा लावून जायची. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीलाही या तीन गोष्टी एकत्र सांगितल्या तर ती दचकली असती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा असतो.

एकदा मी भरतेशला म्हणाले, "मिरजेला नेऊन एक फोटो काढून आणू या का पाठीचा?"

"दीड आकड्याला? योजनेत फोटो बसणार नाही, आणि डॉक्टर हसतील तुलाच," तो म्हणाला. "आईला दुखत नाही गं. तिला बोलायला कोणीतरी पाहिजे. तू दिवसभर केंद्रात, मी दुकानात."

मला ते पटलं. अगदी खरं सांगायचं तर ते पटण्यात मला सोय होती. फोटो काढला असता तर माझ्याच यंत्रावर माझा विश्वास नाही, असं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी अक्कांजवळ जाऊन बसले आणि अजून दुखतंय का विचारलं. 

"तुझं यंत्र म्हणतंय न्हवं दुखत न्हाई म्हणून? मग नसंल," त्या म्हणाल्या. "बरं हाय आता."

पुढच्या सोमवारी सकाळी मी डबा भरत होते. मागे मोरीपाशी धप्प आवाज झाला. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय समोर पसरलेले, एक चप्पल लांब पडलेली. चेहऱ्यावर वेदना नव्हती. नुसतं नवल होतं.

"प्रणोती," त्या म्हणाल्या, "माझं पाय कुठं गेलं बघ गं."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर हेरवाडकरांनी त्यांना कुशीवर वळवलं. साठीतला माणूस, शांत. त्यांनी पाठीच्या कण्यावरून अंगठा खाली सरकवत नेला आणि मधोमध थांबले.

"तुम्ही फिजिओथेरपिस्ट ना?" त्यांनी विचारलं. "इकडे या."

त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. एक मणका बाहेर आला होता. लिंबाएवढा उंचवटा, आंधळ्यालाही हाताला लागेल असा.

"मणक्याचा क्षयरोग," ते म्हणाले. "दोन मणके पोखरलेत आणि एकमेकांवर बसलेत. मधली मज्जारज्जूची दोरी चेंगरली आहे. हे एका दिवसात होत नाही. किती दिवस दुखत होतं यांना?"

"दोन होतं," मी म्हणाले.

"दोन काय?"

 सोनारानेच कान टोचावेत तसं डॉक्टर पुढे सावकाश बोलत राहिले. औषधाने हा रोग बरा होतो, पण पाय चालू असतानाच औषध पोटात जायला हवं. आता मणक्यांवरचा दाब काढून बघू, आशा फार ठेवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये आला असतात तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं. कोणी पाठीचे व्यायाम करायला लावले का, असं त्यांनी विचारलं. असे मणके वाकवले तर लवकर ढासळतात. भरतेश माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. पाय हलले नाहीत.

चौथ्या दिवशी नियमाप्रमाणे अक्कांना पट्टी लावली गेली, कारण योजनेच्या रुग्णाची नोंद बंद व्हायला शेवटचा आकडा लागतो. मी पलंगाशी उभी होते. पाठीतून निघणारा निरोप आता मेंदूपर्यंत पोहोचतच नव्हता. पडद्यावर शून्य आलं. मिनिटभरात माझ्या फोनवर योजनेचा संदेश वाजला: 'रुग्ण चौगुले, वय एकोणसत्तर. उपचाराआधी दोन, उपचारानंतर शून्य. पूर्ण आराम. आपल्या केंद्राचं अभिनंदन.' खाली विचारलं होतं, उपचार प्रभावी ठरले का? होय, नाही. मी 'नाही' दाबलं. उत्तर आलं की हे आकड्यांशी जुळत नाही. चोवीस तासांत पुरावा न दिल्यास 'होय' धरलं जाईल.

मी पुरावा शोधायला केंद्रात गेले आणि दीड वर्षाची सगळी मापं पडद्यावर काढली. बटण कधी दाबलं त्याची नोंद प्रत्येक नावापुढे होती. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास, आपोआप बंद. पुन्हा एकोणपन्नास, आपोआप बंद. हजारांवर नावं होती आणि पुण्यातल्या लोकांसारखं वेळेवर बटण दाबणारी जेमतेम चाळीस. या माणसांचे दहा म्हणजे दहा नव्हतेच. चारचौघांत ओठ मिटून सोसलेलं ते सगळं दहावर कोंबलं होतं, आणि मग आतून मणका पोखरत होता तरी त्याच्या मानाने ते दोनच भरत होतं. माप आखूड नव्हतं, लांब होतं. शिंप्याने गिऱ्हाइकाला पोट आत ओढायला लावून टेप धरावी, तसं मी अख्ख्या गावाचं माप घेतलं होतं.

मी निशिगंधाला फोन लावला. तिला सगळं सांगितलं.

"सासूबाईंचं फार वाईट वाटलं, मॅडम. पण मापांचं आम्हाला माहिती आहे. तुमच्याकडच्या लोकांची सहनशक्ती जास्त आहे अशी आम्ही नोंद केली आहे."

"सहनशक्ती जास्त नाही गं. त्यांना बटण दाबायची लाज वाटते."

"यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं." तिचा आवाज खाली आला. "आणि आता उशीरही झालाय. पुढच्या महिन्यापासून चटक्याचं माप बंद करतायत. प्रत्येकामागे वीस मिनिटं जातात त्यात. सगळ्या राज्याला एकच माप लावायचं ठरलंय."

"कुणाचं?"

"ज्या केंद्राचा निकाल पहिला त्याचं. तुमचं."

मी फोन खाली ठेवला. मला भीती वाटली. अशी भीती मला अक्का पडल्या तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा एक माणूस डोळ्यांसमोर होता.

दुपारी मी दवाखान्यात गेले. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. पायांवर पांघरूण होतं. मी ते नीट केलं, तर त्यांना कळलंही नाही. मला राहवलं नाही.

"अक्का, त्या दिवशी मांडवात तुम्ही बटण का नाही दाबलं? भाजत नव्हतं का?"

"भाजत न्हवतं व्हय!" त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. "डोळ्याम्होरं काजवं चमकलं. पर एवढी माणसं बसलेली. सुनंचा दवाखाना, पहिला दिवस. मी 'आई गं' म्हटलो असतो तर लोकं काय म्हणली असती? चौगुल्यांची सून माणसं भाजतीया म्हणून. कोण आलं असतं तुझ्याकडं?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांचा हात माझ्या केसांवरून फिरत राहिला. माझं डोकं मांडीवर आहे हे त्यांना फक्त दिसत होतं.

"आणि मग पाठ दुखायला लागली तवा म्या सांगिटलं तुला," त्या सावकाश म्हणाल्या. "तुला एकटीलाच सांगिटलं."

दुसऱ्या दिवशी चोवीस तास संपले, मापांच्या नोंदी पुरावा म्हणून धरल्या गेल्या नाहीत आणि अक्का पूर्ण बऱ्या झाल्याची नोंद पक्की झाली. मी योजनेच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, कंपनीला लिहिलं, परिषदेलाही लिहिलं. पोच आल्या. भरतेश माझ्याशी बोलत नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं. मी केंद्राला कुलूप घातलं, भिंतीवरचा तो फोटो काढून कपाटात उलटा ठेवला, आणि मग मला एक गोष्ट सुचली जी आधीच सुचायला हवी होती. माझ्या नोंदींत अक्कांसारखे शून्यावर गेलेले आणखी किती जण आहेत?

दोनशे चौदा निघाले. हीच माणसं माझ्या एक्क्याण्णव टक्क्यांचा मुकुट होती. परिषदेत मी यांच्याच नावावर टाळ्या घेतल्या होत्या. दुखणं जातं तेव्हा दोन गोष्टी झालेल्या असू शकतात, हे मी पहिल्या वर्षाला शिकले होते. जखम भरलेली असते, नाहीतर निरोप नेणारी तार मेलेली असते. पट्टीला दोन्ही सारखंच दिसतं. मी यादी छापली, पर्समध्ये टाकली आणि घरोघर जायचं ठरवलं. दारात उभं राहून फक्त विचारायचं आणि हात लावून बघायचं, पूर्वीसारखं.

पहिलं नाव बाळगोंडा मगदूम, म्हणजे सगळ्यांचे तात्या, यांचं होतं. वय एकसष्ट, माग दुरुस्त करणारे जॉबर. उजव्या तळपायाची आग होते म्हणून आले होते. सुरुवातीला अडीच, नवव्या खेपेला शून्य. साखरेचा आजार असल्याची नोंद त्यांच्या जुन्या केसपेपरच्या कोपऱ्यात होती, माझ्याच अक्षरात. पट्टी आल्यापासून तो कोपरा मी पुन्हा कधी वाचला नव्हता.

सकाळचे अकरा वाजले होते. त्यांच्या घराला नव्या पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या. मी कडी वाजवली, तर आतून आवाज आला, "आलो, आलो." आणि तात्या स्वतः चालत दाराशी आले. ताठ, हसतमुख, अनवाणी. मला हायसं वाटलं.

"व्यायामवाल्या मॅडम! या की, बसा," ते म्हणाले. "तुमच्या हाताला काय गुण हाय म्हणून सांगू. जोडं घालायचं सुदीक नाव नव्हतं, एवढी आग व्हायची. आता काम करून येतो, चार चकरा मारतो, काय म्हणून काय न्हाई."

"मला पाय बघू द्या, तात्या," मी म्हणाले.

"बघा की. थांबा, आधी चालून दावतो." आणि लहान मुलाच्या उत्साहाने ते वळले, सैपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून परत माझ्याकडे यायला लागले.

दाराशी काहीतरी सांडलंय असं मला आधी वाटलं. मग फरशीवर नजर गेली. एका आड एक, जिथे जिथे त्यांचा उजवा पाय पडत होता, तिथे तिथे लाल ठसा उमटत होता, आणि तसे ठसे आतल्या खोलीतून दारापर्यंत आधीच आलेले होते, काही ओले, काही वाळून काळे पडलेले. त्यांच्या टाचेत काचेचा अंगठ्याएवढा तुकडा रुतलेला होता.

तात्या माझ्यासमोर येऊन थांबले आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

"बघिटलं न्हवं?" ते म्हणाले. "जरासुदीक दुखत न्हाई."